पैसे भरून भूत शोधायला जावं की मित्राच्या आजोळच्या वाड्यात स्वतःच रात्र काढावी?

थंडी पडली की नाशकात एखाद्या तरी ग्रुपला हा किडा चावतोच, यंदा ट्रेक नको, जुन्या वाड्यात रात्रभर थांबू आणि भूतबित शोधू. पर्याय फिरून फिरून दोनच. एक म्हणजे माणशी पैसे घेऊन, हातात मीटर-कॅमेरे देऊन रात्रभर फिरवणारा ऑर्गनायझर, आणि दुसरा म्हणजे निफाड-सिन्नरकडचा कुणाच्या तरी आजोळचा वाडा, किल्ली मागायची आणि जायचं. सरकारवाड्यासारख्या जागा विसरा, ते संरक्षित स्मारक आहे, तिथे रात्री कोण राहू देणार. राजस्थानात भानगडला पुरातत्त्व खात्याने सूर्यास्तानंतर थांबू नका असा बोर्ड लावलाय तर लोक तोच भुताचा पुरावा म्हणून फॉरवर्ड करतात, अरे मग संध्याकाळी पांडवलेणीतून पण बाहेर काढतातच की.

माझं मत आधीच सांगतो. घाबरायची मजा पाहिजे असेल तर पैसे भरा. वर खडखड झाली ती कशाची हे खरंच कळून घ्यायचं असेल तर आजोळचा वाडा, कारण तिथे त्या घराची खोड माहीत असलेलं माणूस असतं.

पैसेवाल्या इव्हेंटमध्ये आधी गोष्ट सांगतात आणि मग लाइट घालवतात, आणि निम्मं काम तिथेच होतं. नाशिकच्या आसपास गोष्टीला माल पण भरपूर. राघोबादादा आणि आनंदीबाई आनंदवल्लीला राहिलेले, नारायणरावांच्या आई गोपिकाबाई गंगापूरला, त्यामुळे कुठल्याही पडक्या वाड्याला 'काका मला वाचवा' चिकटवता येतं. पण तो खून ३० ऑगस्ट १७७३ चा आणि पुण्यातल्या शनिवारवाड्यातला, तो आवाज इथपर्यंत कसा आला हे ऑर्गनायझरला विचाराच. वाडा कुणाचा, कधी बांधला, नक्की काय घडलं, याला सरळ उत्तर देत असेल तर माणूस बरा, प्रत्येक वेळी 'असं म्हणतात' आलं की समजून जा. अमेरिकेत फॉल रिव्हरला बोर्डन कुटुंबाचं घर आहे, १८९२ मध्ये तिथे दोन खून झाले आणि आज लोक भाडं देऊन तिथे मुक्कामाला राहतात, पण तिथे निदान खून खरा आहे.

आता सामान. इव्हेंटमध्ये हातात येतो तो ईएमएफ मीटर, पाच लाइटवाला, आणि तो लागला की सगळे ओरडतात. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो, म्हणजे भिंतीतली जुनी वायरिंग, मीटरची पेटी, आणि सगळ्यात जास्त वेळा कुणाच्या तरी खिशातला मोबाइल. स्पिरिट बॉक्स म्हणजे रेडिओची स्टेशनं भराभर पुढे ढकलणारा डबा, त्यात एखाद्या जाहिरातीतला 'या' ऐकू आला की झालं, बोलावलं म्हणे. लाल ठिपक्याचा थर्मामीटर हवेचं तापमान मोजतच नाही, ठिपका ज्या भिंतीवर पडतो तिचं मोजतो, म्हणून 'इथे कोपऱ्यात एकदम गार झालं' म्हणजे चुन्याची ओल. फोटोतले गोळे धुळीचे, आणि वाड्यात धूळ नसणार तर कुठे असणार. ही यंत्रं वाईट नाहीत, पण त्याच खोल्यांत दिवसा रीडिंग घेतलेलं नसेल तर रात्रीच्या रीडिंगला अर्थ नाही, आणि इव्हेंटला तुम्ही पोचताच अंधार पडल्यावर. आजोळच्या वाड्यात मात्र दुपारीच जाऊन सगळं फिरून घेता येतं, कुठली फळी वाजते ते खडूने लिहून ठेवता येतं, आणि यंत्र म्हणून दोन मोबाइल रेकॉर्डिंगला लावले तरी पुरे.

शिवाय गर्दी. वीस जण कडीपाटाच्या माडीवर अंधारात चालतायत म्हटल्यावर खालच्या माजघरातल्यांना पावलं ऐकू येणारच ना. सहापेक्षा जास्त असाल तर शोधबिध विसरा, सरळ मजेसाठी जा.

आजोळच्या वाड्यात रात्री दोनला माडीवर कुणी चाललं तर आजी झोपेतच सांगते, कांडेचोर आहे, झोपा. तो उदमांजराचा प्रकार, त्याची चाल अगदी माणसाच्या पावलासारखी वाटते. पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड किंचाळलं तर अंगावर काटा येतो, तेही आजीला पाठ. दिवसभर तापलेलं सागवान रात्री गार पडताना कटकन वाजतं, आणि निफाडकडच्या थंडीत तर चांगलंच वाजतं. हे सगळं वजा करून काही उरलं तर ते खरं इंटरेस्टिंग. तोटा एवढाच की बराच वेळ काहीच होत नाही आणि तीन वाजेपर्यंत निम्मी मंडळी घोरतात. आणि परवानगी! वाड्याला सात हिस्सेदार, कोर्टात केस, एकाने हो म्हटलं की दुसरा चिडतो, गुप्तधनावर बसलेल्या समंधापेक्षा वाटणीतला चुलता जड जातो.

मूल असलेले किंवा हार्टचा त्रास असलेले इव्हेंटला नकोच. पैसे भरण्याआधी मालकाची लेखी परवानगी आहे का, मुलींसाठी वेगळी खोली आणि टॉयलेट आहे का, मध्येच निघायचं झालं तर गाडी मिळेल का हे विचारा. आणि कुणी वर पैसे मागून उतारा, बंधन, अंगात येणं असलं काही सुरू केलं तर तिथूनच निघा, २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे.

खरी भीती दोन्हीकडे सारखीच. पावसाळ्यात तर नकोच, जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना महापालिका दरवर्षी नोटिसा देते त्या उगाच नाही. माडीवर चढण्याआधी तुळईला वाळवी आहे का बघा. गावाबाहेरचा वाडा असेल आणि शेजारी ऊस असेल तर रात्री एकट्याने मागच्या दारी जायचं नाही, हडळ नाही तर बिबट्या.

आणि थंडी वाजते म्हणून दारं लावून माजघरात कोळशाची शेगडी अजिबात पेटवू नका. अमेरिकेत १९२१ मध्ये विल्यम विल्मर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिगत छापली होती, घरात पावलं ऐकू यायची, माणसं दिसायची, डोकी दुखायची, आणि शेवटी निघाली ती बिघडलेल्या भट्टीतून घरभर पसरणारी कार्बन मोनॉक्साइड. शेकोटी करायची तर चौकात करा, वरून उघडा असतो तो.