ॲप्टने बसवलेला कॅसँड्रा: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नऊ महिन्यांपूर्वी आम्ही उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली असलेल्या तीन सर्व्हरवर अपाची कॅसँड्रा या डेटाबेसची ४.१ ही आवृत्ती ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरने, बसवली. टारबॉल (सगळ्या फाइलींचा एकत्र गठ्ठा) उतरवून सगळे हाताने मांडण्याचा पर्याय होता, पण सुरक्षेचे सुधार वेळेवर मिळावेत आणि कोणत्या सर्व्हरवर नेमके काय बसले आहे हे एका आज्ञेत कळावे, म्हणून पॅकेजचा मार्ग धरला. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. मात्र पॅकेज मॅनेजरला फक्त समोरचा एक सर्व्हर दिसतो, आणि कॅसँड्रा हा तर अनेक सर्व्हर मिळून होणारा एक डेटाबेस आहे; त्या सर्व्हरांच्या समूहाला क्लस्टर म्हणतात. या नऊ महिन्यांत आम्हाला जे काही फटके बसले, ते जवळजवळ सगळे याच फरकातून आले.

प्रत्यक्ष बसवण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. आधी जावा ११ बसवायचा, रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजच्या साठ्याची, स्वाक्षरी-किल्ली कीरिंगच्या फोल्डरमध्ये ठेवायची, सोर्सच्या यादीत ४.१ च्या मालिकेची ओळ घालायची आणि इन्स्टॉल म्हणायचे. दहा मिनिटांत काम होते. पॅकेज कॅसँड्रासाठी वेगळा युजर तयार करते, डेटा आणि लॉग यांच्या जागा नीट लावते, उघड्या फाइलींची मर्यादा वाढवते आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मेमरी-मॅपची, म्हणजे एका प्रोसेसला किती मेमरी-तुकडे जोडता येतील याची, मर्यादाही १०४८५७५ करून ठेवते. टारबॉलने बसवणारे बहुतेक जण हे शेवटचे दोन बदल विसरतात आणि ते भार वाढल्यावरच आठवतात. हीपचा, म्हणजे जावासाठी राखलेल्या मेमरीचा, आकारही सर्व्हरची मेमरी पाहून आपोआप ठरतो. आमच्या १६ जीबीच्या सर्व्हरवर तो ४ जीबी ठरला आणि आजवर बदलावा लागला नाही.

खरी अडचण इन्स्टॉल संपल्याच्या पुढच्याच क्षणी सुरू होते. उबुंटू ज्या डेबियनवर बेतलेला आहे, त्याच्या रिवाजाप्रमाणे पॅकेज बसताच सेवा सुरू होते. वेब सर्व्हरच्या बाबतीत ही सोय असते. इथे मात्र कॉन्फिगरेशनची फाइल उघडण्याआधीच तो सर्व्हर ‘टेस्ट क्लस्टर’ या मूळ नावाने, स्वतःलाच सीड (नव्या सर्व्हरांनी आधी संपर्क साधायचा सर्व्हर) मानून, एकट्याचा संसार थाटून बसतो. त्यानंतर आम्ही क्लस्टरचे नाव, सीड आणि पत्ते बदलून सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा ती उठेचना. लॉगमध्ये सरळ लिहिले होते की साठवलेले नाव ‘टेस्ट क्लस्टर’ आहे आणि फाइलमधले नाव वेगळे आहे. सेवा थांबवून डेटाच्या फोल्डरमधले सगळे पुसले आणि पुन्हा सुरू केली, तेव्हा गाडी रुळावर आली. अर्थात, सर्व्हर कोरा होता म्हणूनच हा उपाय चालला.

त्या वेळी ही आडकाठी त्रासदायक वाटली होती, पण नंतर लक्षात आले की तिनेच आम्हाला वाचवले. नाव न बदलता कोणी नुसते सीड बदलले, तर कसलीही तक्रार न करता तो सर्व्हर क्लस्टरमध्ये शिरू शकतो. आपले बूटस्ट्रॅप, म्हणजे क्लस्टरमध्ये येताना आपल्या वाट्याचा डेटा ओढून घेणे, आधीच पूर्ण झाले आहे, अशी नोंद त्याच्या सिस्टीम टेबलमध्ये पहिल्या आपोआप सुरुवातीच्या वेळीच झालेली असते. त्यामुळे तो बाकीच्यांकडून डेटा मागवून घेत नाही. रिंगमधला, म्हणजे सगळ्या सर्व्हरांत वाटलेल्या डेटाच्या वर्तुळातला, आपला वाटा सांभाळू लागतो आणि रिकाम्या हाताने वाचनाला उत्तरे देतो. नोडटूल या देखरेखीच्या साधनाचे स्टेटस मात्र त्याच्यापुढे ‘यूएन’, म्हणजे चालू आणि ठाकठीक, असेच दाखवत राहते.

म्हणून आता नव्या सर्व्हरवर पॅकेज बसवण्याआधी आम्ही ‘पॉलिसी-आरसी.डी’ची दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवतो. ती १०१ हा कोड परत करते आणि पॅकेजला सेवा सुरू करू देत नाही. मग नाव, सीड, ऐकण्याचा पत्ता आणि स्निच (कोणता सर्व्हर कोणत्या रॅक-डेटासेंटरमध्ये आहे हे सांगणारी मांडणी) हे सगळे नीट भरायचे, स्क्रिप्ट काढून टाकायची आणि सेवा स्वतःच्या हाताने सुरू करायची. पोर्ट ७००० सर्व्हरांमध्ये आपापसात आणि ९०४२ ॲप्लिकेशनसाठी उघडे आहे ना, हेही त्याआधीच पाहून घ्यावे.

दुसरा धडा चौथ्या महिन्यात मिळाला आणि तो महागात पडला. नेहमीचे अपडेट करताना मी तिन्ही सर्व्हरवर एकाच स्क्रिप्टने ॲप्टचे अपग्रेड सोडले. त्यात कॅसँड्राची नवी उपआवृत्ती होती. पॅकेजने प्रत्येक ठिकाणी सेवा थांबवून पुन्हा सुरू केली, तीही जवळजवळ एकाच वेळी. आमच्याकडे प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती असतात आणि कोरमसाठी, म्हणजे बहुमतासाठी, दोन सर्व्हर जागे लागतात; त्या काही मिनिटांत तेवढे नव्हते, त्यामुळे लेखन धडाधड नाकारले गेले. चूक सर्वस्वी माझी होती. त्या दिवसापासून कॅसँड्राचे पॅकेज ‘होल्ड’वर, म्हणजे आपोआप न बदलण्याच्या यादीत, असते. अपग्रेड करायचे तेव्हा एका सर्व्हरवर नोडटूलने ड्रेन करतो (मेमरीतले लेखन डिस्कवर उतरवून नव्या विनंत्या थांबवतो), सेवा थांबवतो, होल्ड काढून पॅकेज बदलतो, सेवा सुरू करतो आणि स्टेटसमध्ये तो सर्व्हर पुन्हा ‘यूएन’ दिसल्यावरच पुढच्याकडे वळतो.

अपग्रेडमध्ये आणखी एक क्षण जपण्याचा असतो. मूळ कॉन्फिगरेशन फाइल बदललेली असेल, तर डीपीकेजी (ॲप्ट ज्याच्याकडून पॅकेज बसवून घेतो तो प्रोग्राम) मध्येच थांबून विचारतो की तुमची फाइल ठेवू की पॅकेजमधली घेऊ. घाईत नवी घेतली की क्लस्टरचे नाव आणि सीड दोन्ही मूळपदावर जातात. आपली फाइल ठेवावी. नवी फाइल शेजारी वेगळ्या नावाने राहतेच, तिच्याशी फरक सावकाश ताडून पाहता येतो.

पॅकेज जे करत नाही, त्याचीही जाणीव हवी. रिपेअरचे, म्हणजे प्रतींमधला फरक मिटवण्याच्या कामाचे, वेळापत्रक ते लावून देत नाही. पुसलेल्या नोंदींच्या खुणा मूळ मांडणीत १० दिवस ठेवल्या जातात, त्यामुळे त्याच्या आत प्रत्येक सर्व्हरवर रिपेअर झाला नाही तर पुसलेला डेटा पुन्हा डोके वर काढू शकतो. पासवर्डची तपासणीही सुरुवातीला बंदच असते. ती सुरू करताना ‘सिस्टीम ऑथ’ या कीस्पेसच्या (लॉगिनची माहिती ठेवणाऱ्या टेबलांच्या गटाच्या) प्रती वाढवायला विसरू नये. मूळ प्रत एकच असते, आणि ती ज्या सर्व्हरवर आहे तोच बंद पडला तर लॉगिनच अडते.

गेल्या महिन्यात चौथा सर्व्हर जोडला, तो उबुंटू २४.०४ वर. डेटाबेस व्यवस्थित उठला, डेटा ओढून घेतला, आणि मग जुन्या तिघांवर एकेक करून क्लीनअप (आता दुसऱ्याकडे गेलेला डेटा पुसणे) चालवले. मात्र त्या सर्व्हरवर सीक्यूएलश हे डेटाबेसशी बोलण्याचे आज्ञा-साधन चालत नाही, कारण तिथे पायथन ३.१२ आहे आणि त्या आवृत्तीतून त्याला लागणारे असिंककोअर हे जुने मॉड्यूल काढून टाकलेले आहे. ॲप्टने मात्र पॅकेज बसवताना कुरकुर केली नाही. पायथन पुरेसा नवा आहे एवढेच त्याने पाहिले असावे. सध्या आम्ही जुन्या सर्व्हरवरून, ९०४२ पोर्टमार्गे, त्याच्याशी बोलतो.