रिबिल्ड होऊन आलेला डिस्ट्रिब्युटर माझा नव्हताच

के-जेट्रॉनिक इंजेक्शनची (बॉशची यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन सिस्टीम) जुनी गाडी पहिल्यांदाच उघडायला बसलेल्यांसाठी हे लिहितोय. माझी गाडी पोर्शे ९११ एससी आहे, पण हीच सिस्टीम गोल्फ जीटीआयपासून डिलोरियनपर्यंत अनेक गाड्यांत होती, त्यामुळे रिबिल्डला (खोलून दुरुस्त करायला) दिलेला मूळ पार्ट ठेवून घेऊन भलताच परत पाठवायची, गंडवायची ही पद्धत त्यातल्या कुठल्याही गाडीवर चालेल.

गाडी १९८१ची, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, बरीच वर्षं एका जागी उभी. टाकीतलं पेट्रोल नासून त्याचा चिकट थर सगळ्या नळ्यांत बसला होता आणि प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटून देणाऱ्या फ्युएल डिस्ट्रिब्युटरचा प्लंजर, म्हणजे आतला सरकता दट्ट्या, जागच्या जागी अडकला होता. टाकी साफ करणं, पंप, फिल्टर, नळ्या, वॉशर बदलणं ही कामं वर्कशॉप मॅन्युअल समोर ठेवून नवशिक्यालाही जमतात. डिस्ट्रिब्युटर मात्र घरी उघडायचा पार्ट नाही.

का ते थोडक्यात सांगतो, कारण सगळी फसवणूक तिथेच दडली आहे. या सिस्टीमच्या मूळ रूपात कॉम्प्युटर नाही. आत ओढली जाणारी हवा एक गोल प्लेट उचलते, प्लेट प्लंजरला वर ढकलते, आणि प्लंजर जितका वर जाईल तितक्या त्याच्याभोवतीच्या फटी उघडतात. प्रत्येक सिलिंडरला एक फट, रुंदी सुमारे ०.२ मिलिमीटर. वरून प्लंजरला दाबून धरतं ते कंट्रोल प्रेशर, आणि ते ठरवतो वॉर्म-अप रेग्युलेटर. इंजिन थंड असताना हा दाब कमी, म्हणून प्लंजर जास्त उचलतो आणि मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेत पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिन तापलं की दाब साडेतीन बारच्या आसपास जातो. म्हणजे पार्ट चांगला की वाईट हे फक्त गेज आणि मोजपात्र सांगतात. बाहेरून तो कितीही चकाचक असला तरी त्यावरून काहीच कळत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं आणि म्हणून तो नेमकी चकाकीच विकतो.

ज्याच्याकडे मी काम दिलं तो बोलायला अगदी पटाईत. फोनवर माझ्या मॉडेलच्या खोडी त्याने आपणहून सांगितल्या: थंड स्टार्टला बॅकफायर झाला (इनटेकमध्येच भडका उडाला) की हवा आत घेणारा प्लॅस्टिकचा एअरबॉक्स फुटतो, ऑइलचं झाकण सैल असलं तरी हवा खेचली जाते. सगळं खरं. मग म्हणाला, डिस्ट्रिब्युटर, रेग्युलेटर आणि पेट्रोल फवारणारे सहाही नोझल एकत्रच पाठवा, सेट एकमेकांशी जुळवून देतो. बदली पार्ट नको, माझाच डिस्ट्रिब्युटर रिबिल्ड करून हवा, हे मी लेखी कळवलं आणि त्याने लेखी होकारही दिला. पैसे सगळे आगाऊ घेतले.

खोकं परत आलं तेव्हा आतला माल शोरूममधून काढल्यासारखा दिसत होता. डिस्ट्रिब्युटरला काळा रंग, नवे बोल्ट, आणि सोबत टेस्टचा छापील कागद. त्या कागदाकडे जरा थांबून बघा. सहाही आउटलेटचा प्रवाह दशांश चिन्हानंतरच्या आकड्यापर्यंत तंतोतंत सारखा! चाळीस वर्षं जुन्या बिडाच्या पार्टमध्ये असं कधी होत नाही. थोडा फरक राहतोच, तो मर्यादेत आणणं हेच तर रिबिल्ड करणाऱ्याचं काम. दुसरी गोष्ट आणखी बोलकी होती. थंड कंट्रोल प्रेशरचा आकडा दिला होता, पण तो कोणत्या तापमानाला मोजला याचा पत्ता नव्हता. हा दाब बाहेरच्या तापमानाप्रमाणे बदलतो, मॅन्युअलमध्ये त्याचा आलेखच असतो. तापमानाशिवाय त्या आकड्याला काहीही अर्थ नाही. ज्याने खरोखर गेज लावून मोजलंय तो तापमान लिहायला विसरत नाही.

गाडी सुरू झाली, पण आयडलवर थरथरायची आणि लोड दिला की ठोके चुकवायची. प्लग काढले तर एक पांढराफटक, एक काजळी धरलेला, बाकीचे ठीकठाक. इग्निशन तपासलं, इनटेकमध्ये धूर सोडून हवेची गळती शोधली. काही सापडलं नाही. मग सहाही नोझल काढून सहा सारख्या मोजपात्रांत सोडले, पंप रिलेच्या जागी जोडणी करून थेट चालवला आणि प्लेट हाताने उचलून धरली. (हे करायचंच असेल तर उघड्यावर करा, जवळ पेट्रोलसाठीचा अग्निशामक ठेवा, आणि वायरची ठिणगी पेट्रोलपासून लांब राहील अशी मांडणी करा. सिस्टीमचा दाब साडेचार बारच्या पुढे असतो, एक सैल बोल्ट पुरतो.) चार पात्रं जवळपास सारखी भरली. एक निम्मंही भरलं नाही. सहाव्या नोझलमधून फवारा उडायच्या जागी सरळ धार पडत होती. असंच लांब पल्ल्याला घेऊन गेलो असतो तर पेट्रोल कमी मिळणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन जळाला असता.

नोझल बदललेलेच नव्हते, नुसते घासून पुसून परत पाठवले होते. पण खरा धक्का पुढे बसला. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर बॉशचा नंबर कोरलेला असतो. रंगाने त्या खाचा भरून गेल्या होत्या. लाकडी काडीला थिनर लावून एकेक आकडा मोकळा केला. सुरुवातीचे आकडे बरोबर, कारण ते या जातीच्या सगळ्याच डिस्ट्रिब्युटरना असतात. शेवटचे तीन वेगळे. सहा आउटलेटचाच, पण भलत्याच कुठल्यातरी इंजिनचा पार्ट. माझ्या मूळ पार्टच्या एका आउटलेटजवळ छिन्नीचा जुना टवका होता, काढण्यापूर्वीच्या फोटोत तो स्पष्ट दिसतो. यावर टवक्याची खूणसुद्धा नव्हती.

तेव्हा सगळा हिशेब लागला. आगाऊ घेतलेले पैसे त्याच्यासाठी वरकड होते. त्याला हवा होता योग्य नंबरचा मूळ पार्ट. असे पार्ट आता सहज मिळत नाहीत, आणि संपूर्ण मूळ गाडी जपणारे मालक नंबर जुळण्यासाठी वाट्टेल ती किंमत मोजतात. तुम्ही तो पार्ट स्वतः काढून, पॅक करून, वाहतुकीचा खर्च सोसून त्याच्या हातात देता. काही काळाने एका अनोळखी विक्रेत्याच्या जाहिरातीत अगदी तसाच टवका असलेला डिस्ट्रिब्युटर मला दिसला. तो माझाच आहे हे सिद्ध करणं मला शक्य नाही, म्हणून याहून जास्त बोलत नाही.

जाब विचारल्यावर त्याची उत्तरं पाठ केल्यासारखी आली. तुमच्या टाकीतली घाण गेली असेल. एअरबॉक्सला चीर असेल. प्लेट मधोमध बसवली नसेल. तुम्ही रंग खरवडलात, वॉरंटी संपली. या सिस्टीमची पंचाईत हीच की यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, आणि नवशिक्याला तर ते लगेच पटतं. नंबरांचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले, त्यानंतर मात्र उत्तर यायचं बंद झालं.

कार्डवरून पैसे दिले होते म्हणून लेखी होकार, नंबरांचे फोटो आणि मोजपात्रांचा व्हिडिओ जोडून बँकेकडे तक्रार केली. कामाचे पैसे परत मिळाले, पार्ट गेला तो गेलाच. दुसरा डिस्ट्रिब्युटर मी अशा माणसाकडून करून घेतला ज्याने काम सुरू करण्यापूर्वीचेही प्रवाहाचे आकडे पाठवले, वाईट होते तसेच, आणि रेग्युलेटरच्या आकड्यांपुढे तापमान लिहिलं. पाठवताना मी बुडाच्या बाजूला सुईने बारीक खूण केली होती आणि ती त्याला सांगितली नव्हती.

त्या पहिल्या माणसाच्या जाहिरातीचा तोच मजकूर, त्याच टेस्ट बेंचच्या फोटोसह, आता दुसऱ्या नावाने फिरतोय. फोटोत बेंचवर आठ आउटलेटचा डिस्ट्रिब्युटर लावलाय, आणि टेस्ट चालू असल्याचं खाली लिहिलं असलं तरी मागच्या गेजचा काटा शून्यावर आहे.