मालवाहू व्हॅनसाठी लोड इंडेक्स पाहून घेतलेले टायर : नऊ महिने आणि १४,५०० किलोमीटरनंतरचा अनुभव

पुण्यातल्या नऱ्ह्याच्या गोदामातून अप्पा बळवंत चौकातील दुकानांना, तसेच सासवड, बारामती आणि सातारा या भागांतील शाळांना वह्या व छपाईचा कागद पोचवणे हा आमचा व्यवसाय आहे. त्यासाठी असलेल्या व्हॅनला गेल्या मे महिन्यात मी १९५ आर १५ एलटी, ८ पीआर, १०६/१०४ आर असे टायर बसवून घेतले (१९५ मिलिमीटर रुंदी, १५ इंची रिम आणि एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा; बाकीच्या आकड्यांचा अर्थ पुढे येईल). कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्याआधीच्या खरेदीत मी फक्त कंपनीच पाहिली होती आणि टायरच्या अंगावरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, पाहिलाच नव्हता; त्या चुकीविषयी आणि ती दुरुस्त केल्यावर काय बदलले याविषयी मला लिहायचे आहे.

आधीचे टायर १९५/८० आर १५, ९६ एस असे होते. रुंदी तीच, रिम तोच आणि उंचीतही जवळजवळ फरक नाही, त्यामुळे विक्रेत्याने "साइज एकच आहे, उलट गाडी मऊ चालेल" असे सांगितल्यावर मला शंका आली नाही, आणि गाडी खरोखरच मऊ चालली. मात्र वर्षभरात मागच्या दोन्ही टायरांच्या कडा मधल्या नक्षीपेक्षा लवकर झिजू लागल्या. आम्ही दोनदा चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, तरी उपयोग झाला नाही. शेवटी मे महिन्यातील एका दुपारी साताऱ्याला जाताना शिरवळला चहासाठी थांबलो असता आमच्या चालकमामांना मागच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला मुठीएवढा फुगा आलेला दिसला. पुढे खंबाटकी घाट होता आणि गाडीत कागद भरलेला होता. मामांनी खाली वाकून पाहण्याची सवय ठेवली नसती तर काय झाले असते, हा विचार मी अजूनही टाळू शकत नाही.

९६ आणि १०६ या आकड्यांत दहाचाच फरक दिसतो, परंतु लोड इंडेक्स म्हणजे किलो नव्हे, तो ठरलेल्या तक्त्यातील क्रमांक आहे. ९६ म्हणजे एका टायरवर कमाल ७१० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १०६ म्हणजे ९५० किलो. तिरप्या रेघेच्या आधीचा आकडा एका बाजूला एकच चाक असताना लागू होतो आणि नंतरचा जोडचाके, म्हणजे एका बाजूला दोन चाके, असताना, म्हणून माझ्या गाडीसाठी १०६ धरायचा. त्यापुढचे अक्षर वेगमर्यादेचे असते. आर म्हणजे ताशी १७० किलोमीटर आणि एस म्हणजे १८०, त्यामुळे नुसते अक्षर पाहणाऱ्याला जुना टायर सरस वाटू शकतो. पण मालवाहू व्हॅनला त्या दहा किलोमीटरचे काहीच महत्त्व नाही. ८ पीआर याचाही अर्थ आत आठ थर आहेत असा नसून जुन्या मोजणीनुसार तेवढ्या ताकदीचा टायर असा आहे. आणखी एक खूण मला फार उपयोगी वाटली : प्रवासी मोटारींच्या टायरवर आयएस १५६३३ आणि व्यावसायिक वाहनांच्या टायरवर आयएस १५६३६ हे मानक क्रमांक असतात, तेव्हा विक्रेता काहीही म्हणाला तरी टायर कोणत्या वर्गातला आहे हे दुकानातच कळते.

नवे टायर घेण्यापूर्वी मी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेली, आणि व्हॅन असलेल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी हे करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी पूर्ण गाडीचे वजन घेतले आणि नंतर फक्त मागची चाके काट्यावर राहतील अशी गाडी उभी करून पुन्हा वजन घेतले. एकूण वजन २,९२० किलो भरले. गाडीची नोंदणीकृत मर्यादा ३,००० किलो असल्याने आम्ही नियमात होतो. पण त्यातले १,६८० किलो मागच्या आसावर होते, म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी सारखे वाटले गेले असे मानले तरी प्रत्येक चाकावर ८४० किलो. जुना टायर ७१० किलोचा होता. चारही जुन्या टायरांची क्षमता एकत्र केली तरी ती २,८४० किलोच होते, आणि मी दोन वर्षे त्यावर गाडी चालवत होतो.

कागदाच्या धंद्यात हे विशेष फसवे आहे. ७५ जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या) ए-४ कागदाचे ५०० पानांचे रीम सुमारे २.३४ किलोचे असते आणि दहा रिमांचे खोके साडेतेवीस किलोच्या आसपास जाते. अशी बेचाळीस खोकी ठेवली की गाडी अर्धीच भरलेली दिसते, पण वजनाने ती पूर्ण भरलेली असते. फरशी, तेलाचे डबे किंवा धान्य वाहणाऱ्यांनाही हाच अनुभव येत असेल.

क्षमतेहून जास्त भार आला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, त्यातून उष्णता साठते आणि आतल्या थरांची पकड सैल होत जाते. हवा कमी असली तरी नेमके हेच घडते, म्हणून योग्य टायर घेऊन काम निम्मेच होते. माझ्या टायरच्या बाजूवर ९५० किलो आणि ४५० केपीए असे लिहिले आहे, म्हणजे ती क्षमता सुमारे ६५ पीएसआय हवेवरची आहे (केपीए आणि पीएसआय ही हवेचा दाब मोजण्याची दोन एकके; पंपावर पीएसआय चालते). आमच्या गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर पूर्ण भाराला पुढे ४५ आणि मागे ६० पीएसआय सांगितले आहे. जुन्या टायरवर कमाल ३०० केपीए, म्हणजे जेमतेम ४४ पीएसआय छापलेले होते. या दोन आकड्यांची तुलना खरेदीच्या दिवशीच केली असती तर पुढचे सगळे टळले असते. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा मात्र न विचारता सवयीने ३५ भरतो, त्यामुळे आता आम्ही स्वतःचा मापक ठेवला आहे आणि मामा दर सोमवारी सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासतात. घाट चढल्यावर दाब पाच-सहा पीएसआयने वाढलेला दिसतो; तो पाहून हवा काढू नये. टायरसोबत व्हॉल्व्हही बदलून घेतले, कारण मोटारींचे नेहमीचे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात आणि ६० भरून उन्हात चालवायचे असेल तर ते अगदी काठावर येतात. हे मला दुकानातल्या बसवणाऱ्या कारागिराने सांगितले, आणि त्याचे मी आजही आभार मानतो.

नऊ महिन्यांत, जूनचा शाळांचा हंगाम धरून, गाडी १४,५०० किलोमीटर चालली. ८,००० किलोमीटरवर टायर पुढेमागे फिरवले. नवीन असताना नक्षीची खोली साडेआठ मिलिमीटर होती. आता पुढच्या जोडीची सव्वासात आणि मागच्या जोडीची सात मिलिमीटरच्या किंचित खाली आहे. झीज सर्वत्र सारखी असून कडा शाबूत आहेत. कात्रजच्या वळणांवर भरलेली गाडी पूर्वी मागून हेलकावत असे, ते जवळजवळ थांबले आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. रिकाम्या गाडीला गतिरोधकावर दणका बसतो, आवाज वाढला आहे आणि पावसात रिकामी गाडी नवले पुलाकडच्या उतारावर पूर्वीपेक्षा लवकर ब्रेक मागते, कारण मागे वजन नसते आणि टायर कडक असतात. मामा तिथे आधीपासूनच गीअर उतरवून येतात.

एक चूक मात्र या वेळीही केली. चार नवे टायर घेतले आणि स्टेपनी जुनीच ठेवली. ऑगस्टमध्ये दिवे घाटाच्या पायथ्याशी, वडकीजवळ, मागचे चाक पंक्चर झाले आणि ७१० किलोचा टायर ८४० किलोच्या जागी लावायची वेळ आली. मामांनी तसे केले नाही. त्यांनी पुढचे चाक काढून मागे लावले आणि स्टेपनी पुढे बसवली, कारण पुढे एका चाकावर ६२० किलोच येत होते. तरीही घाट न चढता ते सावकाश फुरसुंगीपर्यंत परत आले आणि सासवडचा माल दुसऱ्या दिवशी गेला. त्याच आठवड्यात पाचवा टायरही त्याच लोड इंडेक्सचा घेतला. तो गाडीखाली टांगलेला असतो आणि सोमवारच्या तपासणीत त्यातही ६० पीएसआय हवा भरून ठेवली जाते.