राहण्याच्या बदल्यात शेतकाम : काही महिन्यांच्या अनुभवानंतर

परदेशात फिरताना एखाद्या शेतकरी कुटुंबाकडे दिवसाचे काही तास काम करायचे आणि त्या बदल्यात त्यांच्याच घरी राहायचे-जेवायचे, या व्यवस्थेचा अनुभव मी गेले काही महिने वेगवेगळ्या शेतांवर घेतला. मत आधीच सांगून टाकते : मुक्कामाचा खर्च वाचवणे एवढाच हेतू असेल, तर हा सौदा फारसा परवडणारा नाही. दिवसाला ५ तास आणि आठवड्याला ५ दिवस धरले, तरी २५ तासांचे अंगमेहनतीचे काम होते. अनेक देशांत एवढ्या कामाची मजुरी सामायिक खोलीतल्या एका खाटेच्या भाड्याहून आणि जेवणखाणाच्या खर्चाहून जास्तच भरेल. मात्र शेती आणि शेतकऱ्याचे घर आतून पाहण्याची ज्याला खरोखर ओढ आहे आणि एकाच ठिकाणी निदान तीन-चार आठवडे राहण्याची ज्याची तयारी आहे, त्याने हा मार्ग अवश्य निवडावा. आठवड्यांची ही अट मी अनुभवाअंती घालते आहे आणि तिच्यामागची कारणे शेतीच्या कामातच आहेत.

या पद्धतीचे सर्वांत जुने जाळे म्हणजे वूफ. लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड यांनी १९७१ मध्ये, शहरातल्या माणसांना शनिवार-रविवारी शेतावर जाता यावे म्हणून, ससेक्समधील एमर्सन कॉलेजच्या शेतावर याची सुरुवात केली. आज शंभराहून अधिक देशांत त्याचे यजमान आहेत. यजमानाची शेती सेंद्रिय किंवा त्या वाटेवरची असावी, पाहुण्याने दिवसाला साधारण ४ ते ६ तास मदत करावी आणि पैशांची देवघेव होऊ नये, असा त्याचा ढाचा आहे. सदस्यत्व मात्र बहुधा प्रत्येक देशाचे वेगळे घ्यावे लागते, त्यामुळे चार देश फिरण्याचा बेत असणाऱ्याने हा खर्च आधीच हिशेबात धरावा. हेल्पएक्स आणि वर्कअवे ही संकेतस्थळे नंतरची. ती शेतीपुरती मर्यादित नाहीत. तिथे वसतिगृहातल्या स्वागतकक्षापासून घराच्या डागडुजीपर्यंत सगळ्या प्रकारची कामे असतात, म्हणून शेतकरी कुटुंब हवे असेल तर तिथे बरेच निवडावे लागते.

आता आठवड्यांच्या हिशेबाकडे वळते. मी सर्वाधिक काळ राहिले ते एका शेळीपालक कुटुंबाकडे. नवरा-बायको, त्यांची दोन मुले आणि नवऱ्याची आई, एवढी माणसे आणि दिवसातून दोनदा धार काढावी लागेल असा कळप. धार काढणे हे हाताच्या ताकदीपेक्षा वेळेचे काम आहे, हे मला तिथे समजले. कास धुऊन-पुसून हाताळली, की शेळीच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि दूध सडांत उतरते. परंतु हा परिणाम काही मिनिटेच टिकतो. सराईत हात तेवढ्यात काम आटोपतो. नवख्याचा हात रेंगाळतो, अनोळखी माणसाच्या स्पर्शाने शेळी बिचकते, बिचकली की पान्हा चोरते आणि दूध कासेत तसेच राहते. ते वारंवार राहू लागले तर दूध आटते आणि कासदाहाचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या आठवड्यात माझ्या मागोमाग आजी प्रत्येक शेळीजवळ बसत आणि उरलेले दूध काढत. म्हणजे माझ्या मदतीमुळे त्या घराचे काम कमी न होता वाढत होते. शिवाय प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा वेगळ्या पेल्यात काढून त्यांत गुठळ्या आहेत का हे पाहायचे, कोणत्या शेळीवर औषधोपचार चालू आहेत आणि म्हणून तिचे दूध वेगळे ठेवायचे, कोणती शेळी उजव्या बाजूने माणूस आला तर लाथ झाडते, हे सगळे कोणी तरी शेजारी उभे राहून सांगत होते. त्या सांगणाऱ्या माणसाचा वेळ हीच यजमानाची खरी गुंतवणूक असते.

दुसऱ्या आठवड्यात आजींचे मागोमाग बसणे थांबले. तिसऱ्यात संध्याकाळची धार माझ्याकडे सोपवून नवरा-बायकोला मुलांच्या शाळेतल्या कार्यक्रमाला जाता येऊ लागले, आणि त्यानंतरच माझ्या राहण्याजेवणाचा मोबदला खऱ्या अर्थाने फिटू लागला. पाच-सहा दिवसांत निघून जाणारा पाहुणा यजमानाच्या पदरी तोटा टाकून जातो. अनुभवी यजमान हे ओळखून असतात, म्हणून अशा पाहुण्याला ते काही शिकवतच नाहीत. त्याच्या हाती खुरपे देतात आणि वाफ्यांतले तण दाखवतात. त्यावर ‘आठवडाभर नुसती खुरपणी करवली’ अशी तक्रार केली जाते, ती मला न्याय्य वाटत नाही. तण काढणे हे एकमेव काम असे आहे, की जे दहा मिनिटांत समजावता येते आणि बिघडले तरी फारसे बिघडत नाही. (गाजराची कोवळी रोपे मात्र नवख्याच्या हाती कोणी शहाणा यजमान देत नाही.)

सुगीच्या कामाचे गणित थोडे वेगळे आहे. ऑलिव्हच्या तोडणीला मी एका डोंगरउतारावरच्या छोट्या बागेत होते. झाडाखाली जाळी अंथरायची, उताराकडची तिची कड काठ्यांवर उचलून धरायची, फांद्यांवरून हातफणी ओढून फळे जाळीवर पाडायची आणि जाळीची टोके गोळा करून ती सच्छिद्र क्रेटमध्ये ओतायची, हे एका सकाळीत शिकता येते. फळे पोत्यात भरत नाहीत, कारण दाबली गेलेली फळे गरम होऊन आंबू लागतात आणि तेलाची प्रत घसरते. म्हणूनच शक्यतो २४ तासांच्या आत माल घाण्यावर पोहोचवण्याची धावपळ असते. १०० किलो फळांतून साधारण १५ ते २० किलो तेल निघते. युरोपात बाटलीवर ‘थंड प्रक्रियेने काढलेले’ असे लिहायचे असेल, तर प्रक्रियेतले तापमान २७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देता येत नाही. घाण्यावरची वेळ आधीच ठरलेली असल्याने त्या हंगामात ‘आज माझे पाच तास झाले’ असे म्हणून कोणी बाजूला होऊ शकत नाही. पावसाच्या दिवशी अजिबात काम नाही आणि उघडीप मिळाली की अंधार पडेपर्यंत, असा तो प्रकार होता. सरासरी काढली तर तास ठरल्याप्रमाणेच भरले, पण ती सरासरी आठवड्याची नव्हे, महिन्याची होती. थोडे दिवस थांबणाऱ्याच्या वाट्याला फक्त उघडीप किंवा फक्त पाऊस येतो आणि त्याचे मतही तसेच बनते.

कुटुंबाच्या घरात तासांची मोजणी आणखी एका कारणाने बिघडते. सगळे एका टेबलावर जेवले की भांडी कोणी घासायची? यजमानीण स्वयंपाकात गुंतली असताना मुलाला गृहपाठात मदत केली तर ते काम, की घरोबा? माझ्या मते जेवणानंतरची आवराआवर घरातला माणूस म्हणून करावी आणि ती तासांत धरू नये. पण रोज ठरावीक वेळी मुलांना सांभाळणे हे सरळसरळ काम आहे आणि ते तासांत धरले गेलेच पाहिजे. हे बोलायला अवघड जाते, म्हणून जाण्यापूर्वी ईमेलवर लेखी विचारावे. मी आता सरसकट विचारते : दिवसाचे तास किती, सुट्टीचे दिवस कोणते, खोली स्वतंत्र आहे का आणि हिवाळ्यात ती उबदार असते का, तिन्ही वेळचे जेवण मिळते का, सर्वांत जवळचा बसथांबा किती लांब आहे, आणि सध्या तिथे आणखी किती स्वयंसेवक आहेत.

हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरला. एका ठिकाणी मला शेतीचे चित्र दाखवून बोलावले गेले. प्रत्यक्षात यजमानांची मुख्य कमाई पर्यटकांच्या भाड्याच्या खोल्यांतून होती. सात-आठ स्वयंसेवक चादरी बदलत आणि स्नानगृहे धूत होते, आणि घरचे कोणीही मातीत हात घालत नव्हते. तास विचारले की उत्तर हसण्यावारी जाई. जिथे पगारी माणूस ठेवायला हवा तिथे फुकटचे हात वापरणे हा त्या परिसरातल्या मजुरांवरही अन्याय आहे, आणि मी तिथून लवकर बाहेर पडले. कुटुंब स्वतः तुमच्या शेजारी राबत असेल, तर इतर बऱ्याच उणिवा सहन करता येतात; ते राबत नसेल, तर खोली कितीही चांगली असली तरी तिथे राहू नये. निघता यावे यासाठी परतीच्या बसचे आणि काही रात्रींच्या मुक्कामाचे पैसे कायम बाजूला ठेवावेत. एकट्या फिरणाऱ्या स्त्रियांनी तर दाराला आतून कडी आहे का आणि मोबाइलला रेंज मिळते का, हेही संकोच न करता विचारावे. या प्रश्नांवर नाराज होणारा यजमान आपल्या कामाचा नाही.

असा यजमान अभिप्रायांतून आधी का ओळखता येत नाही? कारण अनेक संकेतस्थळांवर दोन्ही बाजू एकमेकांविषयी लिहितात, आणि पुढचे घर मिळवायचे असलेला पाहुणा कटुता टाळतो. ‘जागा सुंदर, माणसे प्रेमळ, खूप शिकायला मिळाले’ यापलीकडे काही नसलेला अभिप्राय मी जमेस धरत नाही. ज्यात एखादे काम नावानिशी सांगितलेले असते आणि लिहिणारा किती काळ राहिला हे कळते, तोच वाचण्यासारखा. एकाच यजमानाकडून अनेक जण ठरल्यापेक्षा आधी निघालेले दिसले, तर कौतुकाच्या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

व्हिसाबाबत बहुतेकांच्या मनात एक सोयीस्कर समजूत असते : पैसे घेत नाही, म्हणजे हे काम नव्हे. अनेक देशांचा कायदा तसे मानत नाही. न्यूझीलंडमध्ये निवास आणि जेवण हाही मोबदलाच समजला जातो आणि त्यामुळे अशा शेतकामासाठी कामाची परवानगी देणारा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते, आणि खाजगी शेत त्या व्याख्येत बसत नाही. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे व्हिसाचे (फिरता फिरता काम करण्याची मुभा देणाऱ्या व्हिसाचे) दुसरे वर्ष मिळवण्यासाठी बहुतेक देशांच्या नागरिकांना ८८ दिवसांचे ठरावीक काम दाखवावे लागते; पूर्वी त्यात वूफचे दिवस धरले जात, पण १ डिसेंबर २०१५ पासून विनावेतन काम धरले जात नाही. वर्किंग हॉलिडे व्हिसाला वयाची अट असते आणि तो मोजक्याच देशांच्या नागरिकांना मिळतो, तेव्हा आपल्या पारपत्रावर काय शक्य आहे हे त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच तपासावे. ‘इमिग्रेशनला सांगा की मित्राकडे आलो आहे’ असा सल्ला देणाऱ्या यजमानाला मी नकार कळवते. प्रवेश नाकारला गेला तर त्याची नोंद आपल्या नावावर राहते. यजमानाचे त्यात काहीच जात नाही.

विम्याकडेही असेच दुर्लक्ष होते. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत अंगमेहनतीचे काम किंवा यंत्रांचा वापर वगळलेला असतो, म्हणून पॉलिसीची अपवादांची यादी निघण्यापूर्वी वाचावी. ट्रॅक्टर आणि चेनसॉ यांना मी हात लावत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगते, आणि एकाही चांगल्या यजमानाने त्याचे वाईट वाटून घेतलेले नाही. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. गरोदर स्त्रियांनी मेंढ्या-शेळ्या वितात त्या काळात गोठ्यापासून दूर राहावे. त्या वेळी पसरणारे काही संसर्ग गर्भाला धोकादायक असतात.

सामानात गमबूट आणि हातमोजे यांवर पैसे खर्च करावेत, बाकी जुने कपडे पुरतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात उतरताना आपण नुकतेच शेतावर होतो हे आगमनपत्रकात जाहीर करावे लागते आणि मातीने माखलेले बूट तपासले जातात. ते आधीच तळव्याच्या खाचांपर्यंत घासून धुतलेले बरे.

गुण द्यायचे झाले, तर जनावरे असलेल्या कुटुंबाच्या शेताला मी पाचांपैकी साडेचार देईन, अट एकच, की मुक्काम महिन्याचा असावा. सुगीच्या मुक्कामाला साडेतीन, आणि आठवड्याच्या धावत्या भेटीला दोन. त्यातला एक जेवणाचा. ज्यांना दिवसभर लॅपटॉपवर नोकरीही करायची आहे, त्यांनी मात्र सरळ भाड्याची खोली घ्यावी, कारण सकाळची धार आणि सकाळची बैठक एकाच वेळी असते आणि शेळी थांबत नाही.