लघु थरारपटातील उत्कंठा: प्रेक्षकाला आधी सांगावे, सोबत ठेवावे की अंधारात ठेवावे?

दहा-बारा मिनिटांच्या थरारपटाची पटकथा तयार झाली की दिग्दर्शकासमोर तंत्रांची मोठी यादी उभी राहते. समांतर संकलन (दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवणे) करावे की मध्ये न तोडता सलग शॉट घ्यावा, कॅमेरा हातात धरावा की तिवईवर ठेवावा, पार्श्वसंगीत वापरावे की शांतता राखावी, असे प्रश्न सुटे सुटे सोडवले जातात आणि मग चित्रपटात सर्व काही असूनही ताण निर्माण होत नाही. माझ्या मते खरी निवड एकच आहे, ती म्हणजे कोणती माहिती कोणाला आणि केव्हा द्यायची. बाकीची तंत्रे त्या निर्णयाच्या मागून येतात.

तुलनेसाठी एकच प्रसंग घेऊ. एक तरुणी परक्या घरात शिरून टेबलाच्या खणात काही कागद शोधते आहे आणि घराचा मालक परतण्याच्या वाटेवर आहे. पहिल्या मार्गात प्रेक्षक तिच्या पुढे असतो. मालक जिन्यापाशी पोहोचल्याचे त्याला दिसते, तिला दिसत नाही, आणि त्यामुळे अडकलेला खण ओढण्याची साधी कृतीही असह्य होते. दुसऱ्या मार्गात प्रेक्षक तिच्या बरोबरीने असतो; बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज दोघांना एकाच वेळी ऐकू येतो आणि कोण आले आहे हे दोघांनाही ठाऊक नसते. तिसऱ्या मार्गात प्रेक्षक मागे राहतो, कारण मालक पहिल्यापासून आतल्या खोलीतच बसलेला होता हे शेवटच्या अर्ध्या मिनिटात उघड होते.

पहिल्या आणि तिसऱ्या मार्गांतील फरक थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी झालेल्या संवादात टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन सांगितला होता, आणि चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांना ते पाठ असते. त्यातला हिशेब मात्र सहसा लक्षात ठेवला जात नाही. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का बसतो, आणि तो आधी दाखवला तर १५ मिनिटांची उत्कंठा मिळते, असे ते गणित आहे. लघुपटाकडे ती १५ मिनिटे नसतातच. त्यामुळे पहिला मार्ग निवडणाऱ्याला धोक्याची माहिती पहिल्या एक-दीड मिनिटातच द्यावी लागते, आणि तेवढी जागा काढण्यासाठी पात्रांची नावे, नाती व पूर्वायुष्य यांच्यावर निर्दयपणे काट मारावी लागते. हे शक्य असल्याचा दाखला शंभर वर्षांहून जुना आहे. लोइस वेबर आणि फिलिप्स स्मॉली यांचा १९१३ सालचा ‘सस्पेन्स’ हा मूकपट जेमतेम दहा मिनिटांचा आहे. त्यातल्या एका शॉटमध्ये पडद्याचे त्रिकोणी भाग करून घरात शिरणारा भटका, फोनवर बोलणारी पत्नी आणि दूर कार्यालयात तिचे ऐकणारा पती, हे तिघेही एकाच वेळी दाखवले आहेत. ही माणसे मुळात कोण आहेत हे आपल्याला जवळपास सांगितलेलेच नाही, आणि त्याची उणीव कुठेही भासत नाही.

दुसरा मार्ग बाहेरून सोपा वाटतो, कारण त्याला एक जागा आणि एक कलाकार पुरतो. परंतु केवळ अज्ञानातून ताण निर्माण होत नाही. प्रेक्षकाला निदान एक नियम समजलेला असावा लागतो आणि तो नियम दर वेळी थोडा अधिक घट्ट होत जावा लागतो. डेव्हिड सँडबर्ग यांचा २०१३ सालचा ‘लाइट्स आउट’ हा तीन मिनिटांहून लहान लघुपट भयपटाच्या वळणाचा असला, तरी या बाबतीत तो आदर्श मानावा असा आहे. दिवा मालवला की आकृती दिसते, दिवा लावला की नाहीशी होते, एवढाच त्याचा नियम आहे. त्यानंतर बटणाच्या प्रत्येक आवाजाची प्रेक्षक धास्ती घेऊ लागतो. हा लघुपट घरातच चित्रित झाला आणि दिग्दर्शकाच्या पत्नीनेच त्यात काम केले, ही गोष्ट तुटपुंज्या साधनांनिशी काम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी.

तिसरा मार्ग चित्रित करायला सर्वांत स्वस्त आणि लिहायला सर्वांत महाग आहे. शेवटच्या कलाटणीवर विसंबलेल्या लघुपटात आधीची आठ मिनिटे अनेकदा नुसती प्रतीक्षा होऊन बसतात. रोबेर आंरिको यांचा ऑस्करविजेता फ्रेंच लघुपट, जो अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स यांच्या कथेवर आधारलेला आहे, या दोषातून सुटतो. पुलावरच्या फाशीपासून सुरू होणारी ती धावपळ शेवट माहीत नसतानाही श्वास रोखायला लावते, आणि शेवट कळल्यावर आधीच्या खुणा पुन्हा पाहाव्याशा वाटतात. (तो शेवट येथे सांगत नाही.) कलाटणी काढून टाकून उरलेली पटकथा एखाद्या तिऱ्हाइताला वाचायला द्यावी. तो मध्येच कंटाळला, तर हा मार्ग आपल्यासाठी नाही.

एवढे ठरले की कॅमेरा आणि संकलन यांचा प्रश्न बराच सोपा होतो. पहिल्या मार्गाला समांतर संकलन स्वाभाविकपणे जुळते, कारण त्यात वेळ ताणता येतो. जिना चढायला मालकाला प्रत्यक्षात २० सेकंद लागत असतील, तर मध्ये मध्ये खोलीतले शॉट घालून तेच अंतर दीड मिनिटापर्यंत नेता येते आणि प्रेक्षक त्याबद्दल तक्रार करत नाही. सलग शॉटमध्ये ही लबाडी चालत नाही. त्याचे बळ खऱ्या वेळेच्या दडपणात असते, म्हणून तो दुसऱ्या मार्गाशी अधिक जुळतो. मात्र त्याची गती चुकली तर ती संकलनाच्या टेबलावर दुरुस्त होत नाही. निव्वळ कौशल्य दाखवण्यासाठी घेतलेले सलग शॉट लघुपटांत फार दिसतात, आणि त्यांत प्रेक्षक पात्राची काळजी करण्याऐवजी कॅमेऱ्याचे कौतुक करू लागतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याबद्दल एवढेच म्हणता येईल की तो सुरुवातीपासून हलत राहिला, तर खरा धोका आल्यावर हलवायला काही उरत नाही.

ध्वनीच्या बाबतीत तुलनेची विरळा संधी एका पूर्ण लांबीच्या चित्रपटाने दिली आहे. ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ सालच्या ‘टच ऑफ इव्हिल’ची सुरुवात तीन मिनिटांहून लांब अशा एका सलग शॉटने होते. मोटारीत बॉम्ब ठेवला जातो आणि ती मोटार वर्दळीच्या रस्त्यांवरून सरहद्दीकडे निघते. स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत चढवले होते. वेल्स यांनी लिहून ठेवलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे १९९८ साली संकलक वॉल्टर मर्च यांनी नवे संकलन केले, तेव्हा ती अक्षरे आणि ते संगीत काढून रस्त्यावरचे, दुकानांतले आणि त्या मोटारीच्या रेडिओचे आवाज तेथे आणले. चित्र तेच राहिले, परिणाम मात्र बदलला. संगीताच्या आवृत्तीत काहीतरी घडणार आहे हे आपल्याला कोणीतरी सांगत असते. नव्या आवृत्तीत रेडिओचा आवाज जवळ आला की बॉम्ब जवळ आला हे आपण स्वतः ओळखतो, मोटार चौकटीत नसली तरीही. मला दुसरी आवृत्ती निःसंशय अधिक प्रभावी वाटते, कारण तिच्यात ध्वनीने माहिती पोहोचवण्याचे काम केले आहे.

लघुपटासाठी यातून निघणारा निष्कर्ष व्यवहार्य आहे. पार्श्वसंगीताने मनःस्थिती चटकन तयार होते, पण सुरुवातीपासून वाजणारा गूढ स्वर दोन मिनिटांत कानाला सवयीचा होतो. एखादा ठरावीक आवाज, उदाहरणार्थ मालकाच्या हातातल्या किल्ल्यांची किणकिण, सुरुवातीला एकदा चित्रासह ऐकवून ठेवला, तर पुढे तो माणूस न दाखवताही त्याची चाहूल देता येते. शांतता हवी असेल तेव्हा ध्वनिपट्टी पूर्ण कोरी ठेवू नये, कारण तशी शांतता तांत्रिक बिघाडासारखी वाटते. खोलीचा स्वतःचा हलका आवाज अर्धा मिनिट वेगळा ध्वनिमुद्रित करून तिथे वापरावा.

थोडक्या दिवसांत आणि मोजक्या कलाकारांसह काम करायचे असेल, तर मी पहिल्याच मार्गाची शिफारस करीन. दुसरा मार्ग चेहऱ्यावरून ताण पोहोचवू शकणारी समर्थ अभिनेत्री आणि चांगला ध्वनिमुद्रक हाताशी असेल तरच घ्यावा. निर्णय होत नसेल, तर मालकाच्या परतीचे शॉट चित्रित करून ठेवावेत. संकलनात ते वगळले की पहिल्या मार्गाचा चित्रपट दुसऱ्या मार्गाचा होतो. न घेतलेल्या शॉटच्या बाबतीत ही सोय राहत नाही, आणि तीच जागा, तोच प्रकाश व तोच कलाकार महिनाभराने पुन्हा जुळवणे लहान चमूला सहसा परवडत नाही.