पोलिसातला खापरपणजोबा शोधायचा, तर आधी मुंबईचं दफ्तर की तालुक्याचं?

घरात एखादा पितळी बिल्ला असतो, पट्ट्याचं बक्कल असतं, नाहीतर नुसतं 'आमचे खापरपणजोबा पोलिसात होते' एवढंच वाक्य. इथून दोन वाटा फुटतात. एक मुंबईला, काळ्या घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जाते. दुसरी आपल्याच तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. दोन्ही वाटा चालून झाल्यावर माझा कल तालुक्याकडे आहे. सगळ्यांनाच तो लागू पडेल असं नाही, म्हणून कारणांसह सांगतो.

हे सगळं जुन्या मुंबई इलाख्यापुरतं आहे. गाव मराठवाड्यात असेल तर एकोणिसाव्या शतकात ते निजामाकडे होतं आणि कागद फारसी-उर्दूत आहेत. नागपूर-वऱ्हाडचा कारभार वेगळा, तिकडचे कागद मुंबईत शोधण्यात अर्थ नाही. संस्थानी गाव असेल तर त्या संस्थानचं दफ्तर पाहावं. कोल्हापूरचं कोल्हापुरातच आहे.

दुसरा प्रश्न असा, की पूर्वज पगारी शिपाई होता की गावचा वतनी पोलीस, म्हणजे पिढीजात हक्काने चाकरी करणारा? घरच्या आठवणीत दोन्ही 'पोलिसात' होतात. जिल्हा पोलिसांचा कायदा 1867 चा, आणि पोलीस पाटील, जागले (गावचे राखणदार) यांचा गाव पोलीस कायदाही त्याच वर्षीचा. पण दोघांचे कागद पूर्ण वेगळ्या कपाटांत गेले. जिल्हा पोलीस सुपरिंटेंडेंटची व्यवस्था 1850 च्या दशकात बसली. त्याआधी तालुक्याचा बंदोबस्त मामलेदार आणि त्याची शिबंदी, म्हणजे हाताखालचे शिपाई, पाहत असे. म्हणून 1840 च्या आसपासचा माणूस 'पोलीस' या शब्दाखाली शोधू नका, महसूल खात्यात 'शिबंदी' म्हणून शोधा.

मुंबईच्या दफ्तराचं मोठेपण निर्विवाद आहे. 1821 पासूनचं हे दफ्तर, आणि पोलिसांचे कागद त्यातल्या ज्युडिशियल खात्यात. रचना वर्ष, खंड आणि संकलन क्रमांक अशी असते. मागणीपत्रावर या तिन्ही गोष्टी बरोबर लिहाव्या लागतात, नाहीतर भलताच खंड समोर येतो. शिपायाचं नाव तिथे येतं ते त्याचं प्रकरण सरकारपर्यंत चढलं असेल तरच. नियमाबाहेरचं पेन्शन, बडतर्फीवर केलेला अर्ज, दरोड्यात जखमी झाल्याबद्दल मदत, बक्षीस, मृताच्या विधवेचा अर्ज, असली ही प्रकरणं. ज्याने तीस वर्षं निमूट नोकरी केली, तो तक्त्यातल्या आकड्यात असतो, नावाने नसतो.

नाव सापडलं तरी ते कोणाचं, हा खरा अडथळा. मला निर्णयाला आणलं ते यानेच. इंग्रजी खंडात शिपाई नुसता नावाने आणि हुद्द्याने येतो. बापाचं नाव नाही, गाव नाही, आडनाव तर नाहीच. त्यात कारकुनाची इंग्रजी अक्षरं. आपला शिवराम एका खंडात 'सेवराम' असतो, दुसऱ्यात 'शिओराम'. विठू कधी 'व्ही'त, कधी 'डब्ल्यू'त. सूची इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली असेल तर एकाच माणसासाठी चार ठिकाणी पाहावं लागतं.

समजा 'बाबाजी नाईक' अशी नोंद हाती लागली. यातलं 'नाईक' काय आहे? पोलिसातला हुद्दा? रामोश्यांत आणि बेरडांत मानाने लावतात ते नाईक? की आडनाव? त्या ओळीवरून ठरवता येत नाही, आणि त्याच जिल्ह्यात त्याच दशकात आणखी दोन बाबाजी नाईक निघू शकतात. 'हवालदार', 'जमादार', 'फौजदार' यांचंही तेच. शिवकाळात किल्ल्याच्या मुख्य अधिकाऱ्याला हवालदार म्हणत, त्यामुळे हवालदार आडनावाचं घराणं पोलिसातलंच असेल असं नाही. शिवाय हवालदार आणि नाईक हे हुद्दे पलटणीतही होते. म्हणून मुंबईत सापडलेलं नाव आपल्या वंशावळीत लगेच चिकटवू नये. हे फार होतं, आणि एकदा चिकटलं की पुढच्या पिढ्या ते खरं मानून चालतात.

तालुक्याच्या कागदात नेमकं हेच दुखणं नाही. तिथे मोडीत माणूस लिहिलेला असतो तो 'रामा बिन सखोजी' असा, म्हणजे सखोजीचा मुलगा रामा. मुसलमान असेल तर बहुधा 'वलद'. बायको 'सगुणा कोम रामा'. वर मौजे अमुक. एका ओळीत दोन पिढ्या आणि गाव, जे इंग्रजी खंडातल्या दहा पानांत मिळत नाही.

वतनी पोलिसाचा शोध आजच्या जमिनीपासून मागे नेता येतो. जुन्या सातबारावर 'इनाम वर्ग 6 ब' दिसलं तर घरात महार किंवा रामोशी वतनाची चाकरी होती. कनिष्ठ गाववतनं 1 फेब्रुवारी 1959 पासून रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना पुन्हा प्रदान करताना फेरफार पडले. त्या फेरफारात वारसांची नावं एकत्र सापडतात. पाटीलकीचं वतन 1 जानेवारी 1963 ला संपलं, तेव्हाचे फेरफारही तसेच उपयोगी. तिथून मागे गाव नमुना 3, म्हणजे दुमाला (इनामी) जमिनींची नोंदवही, आणि त्यामागे 1874 च्या वतन कायद्याखालची प्रकरणं. पाटीलकी कोणत्या भाऊबंदाच्या पाळीला, यावरून भांडण झालं असेल तर प्रकरणात वंशावळ जोडलेली असते. भांडखोर घराण्याचा माग या बाबतीत लवकर लागतो.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. यात दोन ठिकाणी लोक अडतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. म्हणून नोंद बापाच्या नावाने शोधायची. आणि पहिलं बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे नोंद आईच्या गावच्या पुस्तकात पडते. बदलीच्या नोकरीतल्या शिपायाची पोरं तर ठाण्याच्या गावच्या पुस्तकात निघतात.

नकलेच्या अर्जात 'माझ्या पूर्वजांची माहिती द्यावी' असं लिहिलं तर अर्ज परत येतो. गाव, तेव्हाचा तालुका, नमुन्याचा क्रमांक आणि पाच-पाच वर्षांचा टप्पा लिहा. 'तेव्हाचा' तालुका म्हणतो, कारण तालुके फुटले पण जुनी पुस्तकं पुष्कळदा मूळ तालुक्यातच राहिली. साल फसलीत (जुन्या महसुली वर्षगणनेत) असेल तर 590 मिळवा, शकात असेल तर 78. फसली 1283 आणि शके 1795 दोन्ही 1873 च्या आसपास येतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही पुस्तकं मोठ्या प्रमाणात उघडली आणि स्कॅन झाली, पण संकेतस्थळांवर मुख्यतः ती नोंद असलेलीच पानं आहेत. आपलं पान तिथे नाही म्हणून पुस्तकच नाही असं समजू नये.

तालुक्याची उणीव म्हणजे मोडी. अक्षरं सलग, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. तेवढा वेळ नसेल तर वाचकाला पैसे देऊन वाचून घ्या, मात्र 'बिन'च्या दोन्ही बाजूंची नावं त्याच्याकडून अक्षरशः लिहून घ्या, अंदाजाने नको. काही पुस्तकं वाळवीने संपलेली असतात, त्याला इलाज नाही. आणि पगारी शिपायाची नोकरी तालुक्याच्या कागदात बहुतेक वेळा दिसतच नाही, हेही मान्य करायला हवं.

तिसरी वाट नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांची. नामावलीत गाव आणि आडनाव सांगितलं की लेख निघतो, आणि काही लेखांत मूळ गावासोबत 'हल्ली मुक्काम' येतो. शिपायाच्या बाबतीत तो मुक्काम म्हणजे बदलीचं ठिकाण असू शकतं. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी हेच काम करतात. पण तिथे जाण्याआधी निदान आजोबा-पणजोबांची नावं पक्की हवीत.

मुंबई आधी करावी असा एक अपवाद मात्र आहे. पूर्वज मुंबई शहर पोलिसात असेल, म्हणजे बहुधा रत्नागिरीकडचं घराणं, तर ते दल वेगळं. 1864 पासून त्याला पोलीस कमिशनर होता आणि तालुक्यात त्याच्या नोकरीचा मागमूस नसणार. तरीही जाण्याआधी गावच्या नोंदीतून बापाचं नाव काढून घ्या. बाकी सगळ्यांनी मुंबईचं तिकीट नंतर काढावं असं मला वाटतं, कारण तालुक्याहून 'अमुक बिन अमुक, मौजे तमुक' एवढं आणि मृत्यूचं साल घेऊन गेलात तर मुंबईत पाहायचे खंड दहा-पंधरा वर्षांपुरतेच उरतात, आणि विधवेचा पेन्शनचा अर्ज असलाच तर त्या सालाच्या पुढच्या एक-दोन खंडांत.