बचत गटाच्या मेळाव्यात कोणता सिनेमा दाखवावा? खानदेशातल्या आयोजकांसाठी तुलना

८ मार्चच्या मेळाव्यासाठी सिनेमा ठरवताना बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट पाहिली जाते: नायिका खमकी हवी. तेवढ्याने भागत नाही. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर बसून देठ खुडणारी बाई, रावेर-यावलकडे केळीच्या बागेत रोजाने जाणारी बाई आणि जळगावच्या कॉलनीत राहणारी शिक्षिका, या तिघींना सारखाच खमकेपणा परवडत नाही. म्हणून नायिका किती ठणकावून बोलते हे बाजूला ठेवा. घर सोडल्यावर ती रात्री कुठे टेकते, दुसऱ्या दिवशी कशावर जगते आणि तिच्यामागे तिची कामं कोणाच्या अंगावर पडतात, हे तीन प्रश्न प्रत्येक सिनेमाला विचारा. निवड बरीच सोपी होते.

शेतमजूर आणि पथारीवरच्या बायकांसाठी ‘मिर्च मसाला’, मिश्र वयाच्या गावमेळाव्यासाठी ‘लापता लेडीज’, अंगणवाडी-आशा-शिक्षिकांसाठी ‘उंबरठा’ आणि शहरी वस्तीतल्या मंडळासाठी ‘थप्पड’, अशी आमची शिफारस आहे.

‘मिर्च मसाला’ (१९८७, दिग्दर्शक केतन मेहता) नंदुरबारला जितका लागू पडतो तितका क्वचितच कुठे पडेल. काळ इंग्रजी राजवटीचा, गाव गुजरातकडचं. सुभेदार सोनबाईवर हात टाकू पाहतो, ती त्याच्या थोबाडीत देते आणि पळत मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. इथून पुढे सिनेमाची खरी ताकद दिसते. गावचे पुरुष आपली घरं वाचवायला तिला सुभेदाराच्या हवाली करायला तयार होतात, आणि कारखान्यात अडकलेल्या बायकाही सुरुवातीला तिच्यावरच चिडतात. रोजावर जगणाऱ्या बाईला दुसरीच्या अब्रूसाठी स्वतःची चूल विझवणं जड जातं, हे सिनेमा लपवत नाही. मुखीची, म्हणजे गावप्रमुखाची, बायको सरस्वती मुलीला शाळेत घालते, थाळ्या वाजवत बायकांना रस्त्यावर आणते; पण तिचं बंड मोठ्या घरातलं आहे. सोनबाईजवळ वाड्याचं पाठबळ नाही. तिच्याजवळ आहे ती सोबत काम करणाऱ्या बायांची संगत आणि हाताखालची मिरचीपूड. तिखटाने हातांची आग होते, ठसका लागतो, हे पथारीवरच्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून शेवट तिच्यापर्यंत थेट पोचतो. अडचण एकच: भाषा हिंदी आणि पहिल्या अर्ध्या तासात पात्रं बरीच. सुरू करण्याआधी सुभेदार, मुखी, सरस्वती, सोनबाई आणि अबू मियाँ ही पाच नावं अहिराणीत समजावून सांगा.

‘उंबरठा’ (१९८२, दिग्दर्शक जब्बार पटेल) मराठीत आहे. स्मिता पाटील शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक, त्यामुळे धुळ्याकडे बायका नाव ऐकूनच येतात. ‘मिर्च मसाला’तली सोनबाईही तीच, म्हणून एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरा, असा क्रमही चांगला जमतो. ‘उंबरठा’तली सुलभा महाजन वकिलाची बायको, चांगल्या खात्यापित्या घरातली. ती संगमवाडीच्या महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिला जाता येतं, कारण जाऊ तिच्या लहान मुलीला सांभाळायला तयार होते. गटात विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच: जाऊ नसती तर? दुसरा प्रश्न सुधारगृहातल्या बायकांचा आहे. सुलभाला ओलांडायला उंबरठा तरी आहे. त्या बायकांना परत जायला घर नाही. अधीक्षक आणि रहिवासी यांच्यातलं हे अंतर नीट पाहिलं नाही तर सिनेमा फक्त ‘शिकलेल्या बाईचा त्याग’ होऊन बसतो. वेग संथ आहे आणि संवाद बंद खोल्यांमधले, त्यामुळे उघड्या मैदानावर मागच्या रांगा तासाभरात उठतात. हॉलमध्येच दाखवा. प्रत आधी तपासा: हाच सिनेमा हिंदीत ‘सुबह’ नावाने झाला होता आणि ऐनवेळी हिंदी प्रत हाती येते.

‘थप्पड’ (२०२०, दिग्दर्शक अनुभव सिन्हा) वर्गाचा प्रश्न सगळ्यात उघडपणे मांडतो, कारण मार खाल्लेल्या दोन बायका एकाच घरात आहेत. अमृताला नवरा भर पार्टीत एकदा थोबाडीत मारतो. तिच्याकडे कामाला येणारी सुनीता घरी रोज मार खाते. अमृताला जायला वडिलांचं घर आहे आणि बाजू मांडायला वकील आहे. सुनीता मार खाऊन पुन्हा त्याच घरात परतते, आणि शेवटी हात उचलते तोही तिथेच. मध्यमवर्गीय मंडळात चर्चा नेहमी ‘एका थपडेसाठी संसार मोडावा का’ इथेच अडकते. ती तिथून हलवायची असेल तर सुनीतापासून सुरुवात करा: तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईच्या अंगावर वळ दिसले तर तुम्ही काय करता?

या सिनेमाला इथल्या परिस्थितीची जोड द्यावीच लागते. अमृताच्या कथेत माहेर कामाला येतं. आपल्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात आणि मग अडीअडचणीला त्याच घराच्या दारात पाहुण्यासारखं उभं राहावं लागतं. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने आला, देशभर २००५ मध्ये. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही २००५ चाच. त्यात कायदेशीर प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही, घर तिच्या नावावर नसलं तरी. ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा. चर्चेतून कोणाचा स्वतःचा त्रास पुढे आला तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता आधीच जवळ असू द्या.

‘लापता लेडीज’ (२०२४, दिग्दर्शक किरण राव) सगळ्यांत कमी जोखमीचा. लांबी दोन तासांच्या आसपास, हाणामारी फारशी नाही, मुलंबाळं सोबत बसू शकतात. घुंगटामुळे रेल्वेत दोन नव्या नवरींची अदलाबदल होते. त्यातल्या फूलला सासरच्या गावाचं नावही धड ठाऊक नाही. ती स्टेशनवर मंजूमाईच्या टपरीवर राहते, तिथे कलाकंद करते आणि पहिल्यांदा स्वतःच्या कष्टाचे पैसे हातात घेते. भुसावळ जंक्शनवर रात्र काढलेल्या कोणालाही ती टपरी ओळखीची वाटेल. दुसरी नवरी जया फूलच्या सासरी पोचते; तिला शेतीचं शिक्षण घ्यायचंय. मात्र आमच्या मते सगळ्यात सूक्ष्म प्रसंग फूलच्या सासूचा आहे: इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आवडीचं रांधून स्वतःला काय आवडतं हेच ती विसरली आहे. या ठिकाणी सिनेमा थांबवून विचारलं तर वयस्कर बायका बोलायला लागतात. उणीव म्हणाल तर पेच फार सहज सुटतात. मंजूमाईसारखी एकटी राहणारी बाई गावात काय काय सोसते ते ओझरतंच येतं.

‘सैराट’ (२०१६) मागितला जातोच. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची सगळ्यांना आवडते, पण तिचा गावातला दरारा बापाच्या जमिनीवर आणि सत्तेवर उभा आहे. हैदराबादला ते पाठबळ सुटताच तीच मुलगी गोंधळते, आणि रांधायला परश्या पुढे येतो. जात, वर्ग आणि बाईपण यांचा इतका नेमका धागा मराठीत विरळाच. तरी लांबी जवळपास तीन तास आणि शेवट रक्ताचा. तो कॉलेजच्या वर्गासाठी ठेवा, मेळाव्यासाठी नको.

आता प्रत्यक्ष तयारी. मार्चमध्ये सात-सव्वासातपर्यंत पुरेसा अंधार होतो, पण ती वेळ भाकरी थापायची. सातला सिनेमा ठेवला तर सुना आणि मोठ्या मुली घरीच राहतात आणि फक्त सासवा येतात. उपाय सोपा आहे: जागेवरच खिचडी, आणि ती पुरुषांनी शिजवायची. नाहीतर दुपारी एक ते चार हॉलमध्ये, पण त्या दिवशी रोजावर जाणाऱ्या बायका येणार नाहीत हे धरून चला.

शंभरेक प्रेक्षकांना आठ फूट रुंदीचा पांढरा पडदा पुरतो. चित्रापेक्षा आवाजाने जास्त कार्यक्रम फसतात: एकाच कोपऱ्यात मोठा स्पीकर ठेवला की पुढच्यांचे कान दुखतात आणि मागच्यांना शब्द कळत नाहीत. दोन स्पीकर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या उंचीवर. वीज जाईल हे गृहीत धरून इन्व्हर्टर जोडा. मोबाइलवर सिनेमे पाहायला भरलेल्या घरगुती वर्गणीतून सार्वजनिक खेळ करता येत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या आणि पत्र लिहायला महिनाभर आधी बसा.

चर्चेला पंचवीस मिनिटं, बारा-पंधरा बायकांचे गट. पुरुष मागे उभे राहिले की बायका गप्प होतात, म्हणून गट आत बसवा. ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न विचारू नका, उत्तर पाठ केल्यासारखं येतं. कागदावर तीन रकाने आखा: काम कोणी केलं, ते किती वेळ चाललं, पैसे कोणाच्या हातात गेले. आधी नायिकेच्या आजूबाजूच्या बायकांची नावं भरा, मग नायिकेचं. ‘मिर्च मसाला’ दाखवला असेल तर एकच प्रश्न पुरतो: सुभेदाराचे शिपाई दारावर धडका देतायत, तुम्ही आत आहात, दार उघडाल का? उघडू म्हणणाऱ्या बायकांना आधी बोलू द्या.